४६ नंबरचा दात आणि त्याचा स्टिकर

माझ्या तोंडात बत्तीस दात कधीच नव्हते. खालच्या दोन अक्कलदाढा आल्याच नाहीत. तरी ठाण्याच्या नौपाड्यातल्या डेंटिस्टबाईंनी माझ्या कागदावर लिहिलं, '४६ मिसिंग'. मी विचारलं, "डॉक्टर, शेहेचाळिसावा दात कुणाला असतो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, तोंडाचे चार भाग करायचे. वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं. चौथ्या भागातला सहावा, म्हणून चार-सहा." ड्रॉइंगवर पार्ट नंबर टाकायची ही रीत मला तिथल्या तिथे पटली. अमेरिकेतले डेंटिस्ट वेगळं मोजतात म्हणे, पण बाकी बहुतेक जगात चार-सहा म्हटलं की खालची उजवी पहिली दाढ.

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये झाली. आधी फिटर, मग जिग-फिक्श्चर, शेवटची वर्षं इन्स्पेक्शन. त्यामुळे गेलेल्या दाढेच्या जागी कुणीतरी माझ्या जबड्याच्या हाडात ड्रिल मारून स्क्रू बसवणार म्हटल्यावर मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती, असं आमची ही नातेवाइकांना सांगत असते. तसं काही नाही, भीतीही होती. पण खुर्चीत आडवं पडून वर दिव्याकडे बघण्यापेक्षा ट्रेमधली हत्यारं बघणं मला सोपं गेलं.

उपवन तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळीत इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, विषय निघाला की ठरलेले प्रश्न येतात. दुखतं का? खर्च किती? टिकतं किती? मी ज्याला पहिला प्रश्न समजतो, तो कुणाच्या तोंडून येत नाही. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, आणि पंधरा वर्षांनी त्याचा स्पेअर कुठे मिळणार? हे पोस्ट मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीचं ओघात येईल.

दाढ गेली ती अशी. फार पूर्वी रूट कॅनाल करून वर टोपी बसवलेली होती. एके दिवशी भाकरी खाताना काहीतरी हललं. एक्स-रेमध्ये मुळाला उभी चीर दिसली. "उभी चीर गेली की दाढ वाचत नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि ती काढली. काढणं सोपं होतं. खरा विचार त्यानंतर.

तीन वाटा होत्या. काढघालीची कवळी, तिला मी आधीच नाही म्हटलं. दुसरा ब्रिज, म्हणजे ४५ आणि ४७ हे शेजारचे दोन दात चारही बाजूंनी तासून त्यांच्यावर तीन दातांची एकसंध टोपी चढवायची. तिसरा इम्प्लांट. माझे ४५ आणि ४७ ठणठणीत होते. एक पार्ट गेला म्हणून शेजारच्या दोन चांगल्या पार्टवरून मटेरियल उतरवायचं, हे इन्स्पेक्शनच्या माणसाला कसं पटणार? काहीच न करण्याचीही एक चौथी वाट असते आणि आपल्याकडे निम्मी जनता तीच धरते. मागचा दात हळूहळू पुढे कलतो, वरचा दात खाली समोर कुणी नाही म्हणून उतरत येतो, आणि मोकळ्या जागेतलं हाड वापर नाही म्हणून झिजत जातं. डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाचा तरी जुना एक्स-रे दाखवला. दातांची ओळ कुठे आणि कशी बिघडते ते त्यात स्वच्छ दिसत होतं.

मग स्कॅन. सीबीसीटी म्हणतात त्याला. आपण उभे राहायचं, हनुवटी टेकवायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, आणि जबड्याचे हवे तिथे काप घेऊन मोजमाप करता येतं. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. ड्रिल तिला लागलं तर तो ओठ बधिर राहू शकतो, कधीकधी कायमचा. म्हणून नसेच्या वर किमान २ मिलिमीटर हाड सोडतात. माझ्याकडे नसेच्या वर साडेतेरा मिलिमीटर हाड होतं, इम्प्लांट ठरला १० मिलिमीटर लांब आणि ४.२ व्यासाचा. मी वजाबाकी केली आणि निश्चिंत झालो. ड्रॉइंगवर क्लिअरन्स लिहिलेला असला की मला झोप लागते.

वरच्या जबड्यात अडचण वेगळी. तिथे नस नाही, पण दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर मध्ये चार-पाच मिलिमीटरच हाड उरतं. मग सायनसचा पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालतात. ती भर बरेचदा बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली पूड असते. आमच्या टोळीतल्या एका शाकाहारी गृहस्थांना हे ऐनवेळी कळलं आणि ते खुर्चीतून उठले होते. कृत्रिम भरही मिळते, कॅल्शियम फॉस्फेटची. ज्यांना फरक पडतो त्यांनी आधीच विचारावं. डॉक्टर सगळे स्वतःहून सांगतातच असं नाही.

रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, माझी ६.८ आली. चालेल म्हणाल्या. साखर हाताबाहेर असेल तर जखम भरत नाही आणि हाड धरत नाही, म्हणून आधी ती खाली आणा म्हणतात. तंबाखू-सिगरेटबद्दल त्यांनी दोनदा विचारलं. मी खात-ओढत नाही, पण आमच्या शॉपफ्लोअरवरचे अर्धे लोक या प्रश्नावर नापास झाले असते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं हे पक्कं आहे. मशेरी लावणाऱ्या आमच्या मावशीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला कुठे इम्प्लांट करायचंय?" मावशीचे मुळात दातच पक्के आहेत, त्याला काय करणार.

आता प्रत्यक्ष कामाचा दिवस. भूल नेहमीच्या दाताच्या कामातलीच, सुईची. हिरडी उघडली. मग ड्रिलचा क्रम: पहिलं २ मिलिमीटरचं पायलट, मग २.८, मग त्याहून जाड. एकदम फायनल साइजचं ड्रिल घालायचं नाही, हे आम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. फेरे ८००च्या आसपास, आणि सतत थंड सलाइनचा मारा. हाड तापून ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्या जागच्या पेशी मरतात, आणि मेलेलं हाड स्क्रू धरत नाही. म्हणून नवं धारदार ड्रिल, हलका हात, आत-बाहेर करत चिप बाहेर काढणं. मी तोंड उघडं ठेवून मनातल्या मनात मान डोलावत होतो. ड्रिल बोथट झालं की आवाज बदलतो. आवाज बदलला नाही.

शेवटचं ड्रिल इम्प्लांटच्या व्यासापेक्षा किंचित बारीक असतं, म्हणजे इम्प्लांट आत जाताना आपले आटे आपणच पाडत जातो. आत घालताना फेरे अगदी कमी, वीस-पंचवीस. शेवटचा हात टॉर्क रेंचने. रेंच खरोखर टॉर्क रेंचच आहे, बोटाएवढा, दांड्यावर आकडे कोरलेले. ३५ न्यूटन-सेंटिमीटर. आमच्याकडे एम-१०च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या, बोल्टला पन्नास न्यूटन-मीटरच्या आसपास लावायचे. हा त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तरी दाताच्या मापात तो चांगला घट्ट. डॉक्टर म्हणाल्या, तुमचं हाड छान आहे. हाडाची प्रतवारी असते म्हणे, एका टोकाला सागवान आणि दुसऱ्या टोकाला थर्माकोल. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सागवानाकडचा, वरच्या जबड्याचा मागचा भाग थर्माकोलकडचा. माझं ४६ मध्येच कुठेतरी, पण घट्ट बाजूला.

आणखी एक गोष्ट बघून मला फार बरं वाटलं. त्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या भोकात डॉक्टरांनी दातात घालायचा दोरा ओवून बाहेर सोडला होता. ड्रायव्हर हातातून निसटून घशात गेला तर ओढून काढायला. उंचावर काम करताना पाना दोरीने मनगटाला बांधायचा, ही शिस्त ज्याला माहीत आहे त्याच्या हाती मी तोंड द्यायला तयार आहे.

दुखलं का? भूल उतरल्यावर संध्याकाळी ठणका होता, गाल सुजला, बर्फ लावला, गोळ्या घेतल्या. दाढ काढली तेव्हा याहून जास्त दुखलं होतं. काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, शिरा. एवढंच.

मग थांबायचं. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला चार ते सहा. हे थांबणं लोकांना खटकतं. हाच डॉक्टरांच्या कमाईचा डाव आहे असंही एकाने मला तलावावर ऐकवलं. पण या तीन महिन्यांतच मुख्य काम होतं आणि ते आपलं शरीर करतं. मला यातली सर्वांत चक्रावणारी गोष्ट अशी वाटली: पहिल्या दिवशी स्क्रू आट्यांच्या जोरावर घट्ट असतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ती पकड कमी होते, कारण ड्रिलमुळे दुखावलेलं जुनं हाड शरीर आधी उचलून नेतं. त्यानंतर नवं हाड येतं आणि थेट धातूला चिकटून वाढतं. आधी सैल होऊन नंतर पहिल्यापेक्षा पक्का होणारा फिट मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. म्हणूनच त्या मधल्या आठवड्यांत त्या बाजूने कडक चावायचं नाही, "आता काही दुखत नाही" म्हणून चकली खायची नाही.

हाड धातूला धरतं हा शोध कुणी ठरवून लावलेला नाही. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडनचे संशोधक १९५२ साली लुंडमध्ये सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक छोटी नळीसारखी खिडकी हाडात बसवलेली होती. प्रयोग संपल्यावर ती महागाची खिडकी परत काढायला गेले तर निघेचना. हाड तिला धरून बसलेलं. दुसरा कुणी असता तर हातोडी शोधत बसला असता. यांनी तो धागा पकडला आणि १९६५ साली गोटेनबर्गला गोस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले तेव्हा ते स्क्रू जागेवर आणि वापरात होते. चाळीस वर्षांहून जास्त. तरीही पुष्कळ वर्षं दंतवैद्यांच्या जगात यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. १९८२ सालच्या टोरांटोच्या परिषदेनंतर वारं फिरलं.

टायटॅनियमबद्दल मला आधीपासून आदर होता आणि थोडा रागही. टर्निंगला त्रासदायक धातू. उष्णता वाहून नेत नाही, सगळी टूलच्या टोकावर जमते, आणि बारीक चिप पेटतेसुद्धा. हवेत आला की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो. तो थरच शरीराला दिसतो, खालचा धातू दिसत नाही, म्हणून शरीर त्याला हाकलत नाही. लोहचुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे एमआरआयला अडचण नाही. विमानतळावरही वाजत नाही. माझ्या मुलीकडे जाताना मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. वाजला तो पट्टा.

हाड धरलं हे पाहून हिरडीला आकार देणारी एक टोपी बसवली, मग माप घेतलं. पूर्वी तोंडभर लगदा दाबून माप घ्यायचे, आता पेनासारखा कॅमेरा फिरवून घेतात. दात लॅबमध्ये झाला, झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा. लॅब कशी काम करते ते मी खोदून विचारलं. पाच अक्षांचं सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं कापायचं मशीन. पण भाजलेला झिर्कोनिया फारच कडक, म्हणून कच्च्या, खडूइतक्या मऊ अवस्थेतल्या चकतीतून दात कापतात, तोही वीस टक्क्यांच्या आसपास मोठा, आणि मग पंधराशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. भाजताना तो आकसून बरोबर मापावर येतो. आकसणं गृहीत धरून मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणाऱ्या त्या लॅबवाल्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

इथे एक निर्णय असतो आणि तो पेशंटला सहसा विचारला जात नाही. दात इम्प्लांटवर सिमेंटने चिकटवायचा की स्क्रूने आवळायचा? सिमेंटचा दात दिसायला सुबक, वर भोक नाही. पण हिरडीखाली उरलेलं सिमेंट राहिलं तर तिथे सूज धरते, आणि आतला स्क्रू सैल झाला तर वरून वाट नाही. स्क्रूच्या दाताला चावायच्या पृष्ठभागावर भोक असतं. त्यात आधी टेफ्लॉन टेप कोंबतात, होय, प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो तीच, आणि वरून दाताच्या रंगाचा मसाला. उद्या काही झालं तर मसाला काढायचा, टेप ओढायची, स्क्रू समोर. मी एका वाक्यात सांगितलं, "डॉक्टर, जे उघडता येतं ते द्या."

स्क्रू आवळताना त्यांनी टॉर्क दिला, मग दहा मिनिटं गप्पा मारल्या, आणि परत तितकाच टॉर्क दिला. दुसऱ्यांदा रेंच थोडा फिरला. का, ते मला विचारू नका असं त्यांना वाटलं असेल, पण मलाच माहीत होतं. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. आवळल्यावर ते दबतात आणि स्क्रूचा ताण थोडा उतरतो. स्क्रू हा खरं तर ताणलेला स्प्रिंग आहे, त्या ताणावरच जोड टिकतो. ताण उतरला की चावताना जोड हलायला लागतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा आवळणाऱ्या डॉक्टरकडे डोळे मिटून जावं.

मग चावा तपासला, रंगीत कागदाने. आम्ही डाय स्पॉटिंगला प्रशियन ब्ल्यू लावून कुठे टेकतं ते बघायचो, अगदी तेच. फक्त इथे एक खुबी आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, जोरात चावलं की तो पंचवीस ते शंभर मायक्रॉन खाली दबतो. इम्प्लांट हाडालाच चिकटलेला, तो तीन ते पाच मायक्रॉनच दबतो. दोन्ही एका उंचीला ठेवले तर जोराच्या चाव्यात सगळा भार इम्प्लांटवर येईल. म्हणून हलका चावा घेतला तर शिम, म्हणजे अतिपातळ पट्टी, या दाताखालून निसटली पाहिजे आणि जोरात चावलं तर अडकली पाहिजे, असा तो ठेवतात. ती शिम आठ मायक्रॉनची. मी हातात घेऊन बघितली. डॉक्टर म्हणाल्या, "काका, परत द्या."

ती गादी नसल्यामुळे चव तीच, पण चावण्याची जाणीव थोडी मुकी असते. खडा लागला तर शेजारचा दात सांगतो, हा नाही सांगत. सवय होते.

आता आप्पांची गोष्ट. आप्पा आमच्याच टूलरूममधले, मिलिंगवर होते, हल्ली ऐरोलीला राहतात. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका दवाखान्यात ३६ नंबरचा इम्प्लांट करून घेतला होता. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांचा दात डुलायला लागला. मला फोन आला, "ठाण्याहून ये, तुला स्क्रूचं कळतं." मी ट्रान्स-हार्बर लोकल पकडली आणि गेलो.

जवळच्या डेंटिस्टने एक्स-रे काढला. तरुण मुलगा, पण डोकं शांत. म्हणाला, इम्प्लांट हाडात पक्का आहे, आतला छोटा स्क्रू सैल आहे. "कागद आहेत का?" आप्पांनी बिल काढलं. बिलावर लिहिलेलं, 'इम्प्लांट विथ क्राउन' आणि खाली रक्कम. कंपनी नाही, माप नाही, लॉट नंबर नाही. आणि दात सिमेंटचा. म्हणजे स्क्रू नेमका कुठे आहे ते बाहेरून दिसत नव्हतं. त्याने एक्स-रेवरून अंदाज बांधून दातातून भोक पाडलं, आणि अंदाज बरोबर आला. स्क्रूचं डोकं दिसलं. पण त्याच्याकडचे ड्रायव्हर बसेनात. एक षटकोनी सैल पडत होता, दुसरा जातच नव्हता.

इथे मी बोललो. न विचारता. "डॉक्टर, चुकीचा पाना लावून जोर करू नका." तो म्हणाला, "काका, मीही तेच म्हणतोय." स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की पुढे फार हाल असतात. तुटलेला किंवा अडकलेला स्क्रू उलटं ड्रिल फिरवून, कंपन देऊन काढावा लागतो, आणि तेही जमलं नाही तर हाडात पक्का बसलेला निरोगी इम्प्लांट कापून काढायची वेळ येते. एका दोन मिलिमीटरच्या स्क्रूपायी.

मोटारगाडीच्या बोल्टसारखं एकच मानक इथे नाही हे लक्षात घ्या. स्वीडिश मुळाची नोबेल बायोकेअर आहे, स्विस स्ट्रॉमन आहे, कोरियाची ऑस्टेम आहे, इस्रायलच्या कंपन्या आहेत, भारतीय आहेत. प्रत्येकाचा आतला जोड वेगळा, स्क्रूचे आटे वेगळे, कुणाचा पाना षटकोनी, कुणाचा ताऱ्याच्या आकाराचा. (स्ट्रॉमन ही कंपनी १९५४ साली घड्याळांना लागणाऱ्या मिश्रधातूंच्या कामातून सुरू झाली, हे वाचून मला उगाचच आनंद झाला होता.)

त्या पोराने एक्स-रेमधला आट्यांचा आकार, मानेचा आकार, टोकाची खाच बघून आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, वितरकांना पाठवला. काही दिवसांनी उत्तर आलं, कोरियन बनावटीचा आहे. ड्रायव्हर मागवला, नवा स्क्रू मागवला. जुना स्क्रू परत वापरला नाही. सैल अवस्थेत इतके महिने वाकत राहिलेला स्क्रू थकलेला असतो. नवा स्क्रू, नवा टॉर्क, भोक बुजवलं, आप्पा घरी. खर्च मामुली झाला. सगळा वेळ गेला तो पार्टची ओळख पटवण्यात.

म्हणून स्टिकर. इम्प्लांट ज्या सीलबंद डबीतून येतो तिच्यावर सोलून काढता येणारे स्टिकर असतात. कंपनी, रेफरन्स नंबर, लॉट नंबर, व्यास, लांबी, निर्जंतुकीकरणाची खूण, मुदत. एक डॉक्टरांच्या फाइलला लागतो, दुसरा पेशंटसाठीच असतो. मागा. ऑपरेशनच्या दिवशीच मागा, नंतर डबी कचऱ्यात जाते. वरचा दात बसवताना अबटमेंट (इम्प्लांट आणि दात यांना जोडणारा मधला तुकडा) कोणता, स्क्रू की सिमेंट, टॉर्क किती, हेही त्याच कार्डावर लिहून घ्या. आणि फोटो काढून मुलांना पाठवा, कारण पंधरा वर्षांनी कार्ड कुठल्या डब्यात आहे हे आपल्याला आठवणार नाही. कंपनी निवडताना स्वस्त-महाग बघा, पण त्याआधी ती टिकेल का आणि तिचे पार्ट ठाण्यात मिळतात का ते बघा. माझ्या डॉक्टरांनी न मागता कार्ड दिलं. मी त्यावर बॉलपेनने तारीख टाकून प्लास्टिकमध्ये घातलं.

पैशांचं थोडक्यात. मला ठाण्यात मिळालेले आकडे २८,००० ते ६०,००० होते, एका दाताचे, दात धरून. मी ४५,००० दिले, स्कॅन वेगळा. मेडिक्लेममध्ये दातांचं काम सहसा बसत नाही, अपघातात दात गेला असेल तर गोष्ट वेगळी. हात आखडता असेल तर नवी मुंबईत डेंटल कॉलेजांची कमी नाही: नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून नेरूळ-पनवेलची गाडी थेट मिळते. कॉलेजात काम शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतं. वेळ जास्त जातो, खेपा जास्त होतात, खर्च बराच कमी. निवृत्त माणसाला वेळ असतोच.

सगळ्यांनी इम्प्लांटच करावा असं माझं म्हणणं नाही, हे घरातूनच सांगतो. आमच्या हिचा वरचा एक दात गेला तेव्हा मी टॉर्क वगैरे सांगत तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ती आठवड्याला एक गोळी घेते. त्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही, म्हणून हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या म्हणाल्या. शिवाय तिच्या शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच टोप्या होत्या. म्हणजे ब्रिज केला तर नवं काही तासायचंच नव्हतं. माझा ब्रिजला असलेला आक्षेप तिथेच संपला. ही म्हणाली, "अहो, मला महिनोन्‌महिने थांबायचं नाहीये, ब्रिजच करा." दोन आठवड्यांत ती शेंगदाणे खात होती आणि मी तेव्हाही कार्ड मागतो आहे हे बघून डॉक्टरांनी लॅबचं वॉरंटी कार्ड हातात ठेवलं.

राहिली निगा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं, आणि ते दुखत नाही, हीच पंचाईत. रोज रात्री बारीक ब्रश दातांच्या फटीतून फिरवतो. वर्षातून एकदा एक्स-रे, हाडाची पातळी बघायला. पहिल्या वर्षी एक-दीड मिलिमीटरपर्यंत हाड उतरलं तरी चालतं, पुढे मात्र दरवर्षी ०.२ मिलिमीटरच्या आत. हे ०.२ नुसत्या डोळ्यांनी बघून सांगण्यावर माझा विश्वास नाही. पण इम्प्लांटच्या आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, कॅटलॉगमध्ये दिलेली असते आणि एक्स-रेमध्ये आटे स्पष्ट दिसतात, म्हणजे मोजपट्टी फिल्ममध्येच आहे. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. पिच मी कार्डाच्या मागे लिहून ठेवली आहे, भिंगही काढून ठेवलं आहे. डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही.